पेजमेकरचे लांबलेले आयुष्य
सिॲटलच्या अ‍ॅल्डस कंपनीने १९८५ साली मॅकिंटॉशसाठी पेजमेकर हा पाने लावण्याचा प्रोग्राम बाजारात आणला. १९८७ मध्ये तो विंडोजवर आला. १९९४ मध्ये अ‍ॅडोबीने अ‍ॅल्डस ताब्यात घेतली, १९९९ मध्ये त्याच कामासाठी इनडिझाइन काढले आणि २००१ च्या ७.० नंतर पेजमेकरची मोठी आवृत्ती निघालीच नाही. २००४ मध्ये उरलेसुरले कामही थांबले. कंपनीच्या लेखी विषय तिथे मिटला. महाराष्ट्रातल्या छापखान्यांत मात्र लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत पाने त्यानंतरही कितीतरी वर्षे पेजमेकरमध्येच लागत राहिली.

याचे कारण सवय किंवा काटकसर एवढेच सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. खरी गाठ फॉन्टची होती. मराठी डीटीपी, म्हणजे संगणकावरची पानजुळणी, रुळली तेव्हा देवनागरीला युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतात जागा मिळालेली असली, तरी विंडोजमध्ये तिची सोय २००० च्या आवृत्तीपर्यंत नव्हती. पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकचे आयएसएम या लिपीच्या सॉफ्टवेअरनी ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवली. आठ बिटांच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरे असतात. रोमन अक्षरांच्या त्या घरांत अर्धा क, काना, वेलांटी, रफार असे देवनागरीचे सुटे तुकडे बसवले गेले, खिळ्यांच्या केसमध्ये बसवावेत तसे. कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. त्यामुळे फॉन्ट काढून घेतला की पडद्यावर रोमन चिन्हांचा गिचमिडा उरे.

पेजमेकरला युनिकोड कळत नव्हते, आणि मराठीच्या दृष्टीने ती सोयच होती. जोडाक्षर कसे घडवायचे हे त्याला ठरवावेच लागत नसे. त्याच्या समजुतीने समोर रोमन अक्षरे होती. ती दिलेल्या क्रमाने तो मांडत जाई. पेजमेकर आणि असे फॉन्ट या जोडीवर हजारो पानांचे मॅटर साठले.

विंडोज एक्सपीवर हे सारे सुरळीत चालले. २००७ मध्ये व्हिस्टा आले आणि पहिली ठेच लागली. पेजमेकर आपली सेटिंग्ज आणि प्रिंटरची माहिती देणाऱ्या पीपीडी फाइली स्वतःच्याच फोल्डरात ठेवतो. नव्या सुरक्षाव्यवस्थेत ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येईना. उपाय साधे होते: प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणे, एक्सपीचा कम्पॅटिबिलिटी मोड लावणे, नाहीतर तो त्या फोल्डराबाहेर बसवणे.

चौसष्ट बिटांच्या विंडोजने अडचण वाढवली. पेजमेकर ७ हा बत्तीस बिटांचा असल्याने तिथेही चालू शकतो, पण त्या काळातल्या पुष्कळ सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर सोळा बिटांचे होते आणि चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ते सुरूच होत नाहीत. लिपीच्या सॉफ्टवेअरसोबत नक्कल रोखणारे हार्डवेअर लॉक असेल तर त्याचा ड्रायव्हरही चौसष्ट बिटांचा आणि डिजिटल स्वाक्षरी असलेला हवा. जुने लॉक पॅरलल पोर्टात बसत. नव्या संगणकांतून तो पोर्टच गेला. म्हणजे पेजमेकर उघडे, पण त्यात मराठी टाइप होत नसे.

विंडोज ७ च्या प्रोफेशनल आणि त्यावरच्या आवृत्त्यांना मायक्रोसॉफ्टने ‘एक्सपी मोड’ दिला. ही संगणकाच्या आत चालणारी अख्खी एक्सपी होती, आणि छापखान्यांना हवे होते ते नेमके हेच. पण एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज ८ मध्ये एक्सपी मोड आलाच नव्हता. मग आभासी यंत्र स्वतः उभारणे, किंवा एक जुना संगणक इंटरनेटपासून तोडून पेजमेकरसाठी राखून ठेवणे, हेच मार्ग उरले.

बाहेर पडण्याची खरी वाट २०१२ च्या इनडिझाइन सीएस६ ने दाखवली; त्यात मराठीसह भारतीय भाषांची युनिकोड जुळणी आली. ही आवृत्ती पेजमेकर ६.० पासूनच्या फाइलीही उघडते. मात्र पानाची मांडणी आली तरी मजकूर जुन्याच संकेतात राहतो. तो युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर तुकड्यांपाशी अडखळतात: जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. जोडाक्षरापाशी ही अदलाबदल चुकते आणि प्रुफे पुन्हा वाचावी लागतात. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीसाठी एवढा खर्च परवडतो, गेल्या वर्षीच्या पावतीपुस्तकासाठी नाही.

शिवाय पेजमेकरच्या फाइली उघडण्याची सोय सीएस६ बरोबरच संपली. २०१३ पासून अ‍ॅडोबीने नव्या आवृत्त्या वर्गणीवर द्यायला सुरुवात केली, आणि त्या आवृत्त्यांत जुनी फाइल थेट उघडत नाही. म्हणून जुन्या पानांसाठी पेजमेकरच्या शेजारी आता सीएस६सुद्धा जपून ठेवावे लागते.