मोचनगड : नकाशावर नसलेला किल्ला आणि एक शिक्षक

१/ मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी ज्या किल्ल्याच्या नावाने ओळखली जाते, तो किल्ला सह्याद्रीत कोठेही नाही. ‘मोचनगड’ उभा राहिला तो रामचंद्र भिकाजी गुंजीकर या शिक्षकाच्या कल्पनेत. मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे छापली जाण्यापूर्वीच इतिहासावर कादंबरी कशी लिहिली गेली, त्याविषयीचा हा धागा.

२/ गुंजीकरांचा जन्म १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील जांबोटी येथे झाला. बेळगाव आणि मुंबई येथे शिक्षण घेऊन ते शिक्षकी पेशात शिरले. मराठी, कन्नड, संस्कृत आणि इंग्रजी या भाषांत त्यांना गती होती, आणि व्याकरण हा त्यांच्या विशेष आवडीचा विषय.

३/ १८६७ साली मुंबईत ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक निघाले. त्याच्या संपादनाची धुरा प्रारंभी गुंजीकरांनी वाहिली. याच मासिकातून ‘मोचनगड’ क्रमशः वाचकांपुढे आली. १८७१ हे तिचे प्रकाशनवर्ष मानले जाते.

४/ तत्कालीन वाचकाला कोणत्या कादंबऱ्या ठाऊक होत्या? लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), रिसबुडांची ‘मंजुघोषा’. रूपवती नायिका, ताटातूट, विलक्षण योगायोग आणि शेवटी मीलन. प्रेमकथा रंगतदार, पण ती कोणत्या मुलखात, कोणत्या शतकात घडते, याची फारशी फिकीर नसे.

५/ इतिहासाची स्थिती तरी काय होती? ग्रँट डफचा ग्रंथ १८२६चा. त्याचे कॅपनकृत मराठी रूपांतर ‘मराठ्यांची बखर’ विद्यार्थ्यांच्या हाती होते. अस्सल पत्रे मात्र जुन्या घराण्यांच्या दप्तरांत बांधलेली होती. ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाला १८७८ साली. राजवाड्यांच्या ‘साधनां’चा पहिला खंड तर १८९८चा.

६/ म्हणजे गुंजीकरांपाशी शिवकालाविषयी अभिमान होता, पण साधने तुटपुंजी होती. त्यांनी काढलेला मार्ग सर वॉल्टर स्कॉटच्या वळणाचा होता : काळ खरा, पण कथेचा भार वाहणारी माणसे कल्पित. किल्लाही कल्पितच. जो गड नाही, त्याच्याविषयी खोटी नोंद होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

७/ या युक्तीने मराठी प्रेमकथेचे स्थलांतर झाले. अनामिक राजधान्यांतून ती गडाच्या दरवाजापाशी, तटाबुरुजांवर आली. ‘मोचन’ म्हणजे सुटका. व्यक्तींच्या सुखदुःखाला आता राजकारणाची आणि ओळखीच्या भूमीची पार्श्वभूमी लाभली.

८/ जुन्या अद्भुतरम्य वळणापासून ही कादंबरी पूर्णपणे सुटली, असे मात्र म्हणता येत नाही. ती असंभाव्यता हा त्या काळच्या साहित्याचाच दोष होता. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ यात त्यावर कठोर बोट ठेवले.

९/ गुंजीकर कादंबरीकार म्हणून स्थिरावले नाहीत. ‘गोदावरी’ ही दुसरी कादंबरी अपुरी राहिली. ‘शाकुंतला’चे भाषांतर, मराठीसाठी लघुलिपी, ‘सरस्वतीमंडळ’ (१८८४) अशा कामांत त्यांची शक्ती विभागली गेली. १९०१ साली त्यांचे निधन झाले.

१०/ पुढे हरि नारायण आपटे यांच्या ‘उषःकाल’ने शिवकाल घरोघर पोहोचवला आणि ‘मोचनगड’ अभ्यासक्रमातील एका ओळीपुरती उरली. पण आपट्यांना जो वाचक मिळाला, त्याला शिवकालात कथा शोधण्याची सवय लावण्यास एका शिक्षकाने सुमारे पाव शतक आधी प्रारंभ केला होता.

११/ ऐतिहासिक कादंबरीतील प्रसंग आज पुरावा म्हणून सर्रास पुढे केले जातात. अशा वेळी या प्रकारच्या मराठीतील पहिल्याच कृतीकडे पाहावे. कागदपत्रे नव्हती, तेव्हा गुंजीकरांनी खऱ्या गडाच्या माथी कल्पित घटना मारल्या नाहीत. गडच नवा बांधला. इतिहास आणि कादंबरी यांतील सीमारेषा त्यांनी अशी प्रारंभीच आखून ठेवली होती.

(धागा समाप्त)