बायबेन्झिल संयुगे

दोन बेन्झीन वलये दोन कार्बन अणूंच्या लवचीक दुव्याने जोडलेली असणारी वनस्पतिजन्य अरोमॅटिक संयुगे. मूळ बायबेन्झिलच्या रेणूत कार्बनचे १४ व हायड्रोजनचे १४ अणू असतात. वनस्पतींत मात्र वलयांवर हायड्रॉक्सिल किंवा मिथॉक्सी गट असलेली त्याची रूपेच बहुधा आढळतात. द्राक्षातील रेस्व्हेरॅट्रॉल हे याच कुळातले; फरक एवढाच की त्यातील दुव्यात दुहेरी बंध असतो.

या संयुगांचे खरे माहेर यकृतका. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओलसर दरडींना व बांधांना चिकटून वाढणाऱ्या या चपट्या शेवाळी वनस्पती. बहुतेक यकृतकांच्या पेशींत पटलाने वेढलेले तैलपिंड असतात. हरितांमध्ये (मॉस) ते नसतात. टर्पिनॉइडे आणि बायबेन्झिले या पिंडांत साठतात. चुरगळल्यावर येणारा वास बहुतांशी टर्पिनॉइडांचा असतो.

या गटातील सर्वांत बोधप्रद संयुग ल्युन्युलॅरिक अम्ल. ‘ल्युन्युलॅरिया क्रुसिएटा’ या भूमध्यसागरी प्रदेशातील यकृतकेतून मिळालेले हे वाढरोधक द्रव्य १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवस मोठे होऊ लागले की ही वनस्पती वाढ थांबवून कोरड्या उन्हाळ्यासाठी सुप्तावस्थेत जाते आणि त्याच काळात तिच्यातील हे अम्ल वाढते. उच्च वनस्पतींत ॲब्सिसिक अम्ल जे काम करते ते यकृतकांत ल्युन्युलॅरिक अम्ल करत असावे, अशी आकर्षक मांडणी त्यावरून झाली. पुढे यकृतकांतही ॲब्सिसिक अम्ल सापडल्याने ती तशीच्या तशी टिकली नाही.

फेनिलॲलॅनीन या ॲमिनो अम्लापासून निघणाऱ्या मार्गावर मॅलोनिल को-एन्झाइम-एचे तीन रेणू जोडले जाऊन ल्युन्युलॅरिक अम्लाचा पूर्वगामी तयार होतो. अशा दोन बायबेन्झिल एककांच्या जोडणीतून बिसबायबेन्झिले बनतात. यकृतकांची रासायनिक करामत खरी इथे दिसते: दोन्ही एकके दोन ठिकाणी सांधून एक मोठे वलय तयार होते. ‘मार्कॅन्शिया पॉलिमॉर्फा’मधील मार्कॅन्टिन-ए मध्ये हे दोन्ही सांधे ऑक्सिजनमार्फत असतात, रिकार्डिनांत एक ऑक्सिजनमार्फत, तर दुसरा थेट कार्बन-कार्बन बंधाचा. १९८० च्या दशकापासून जपानमधील योशिनोरी असाकावा व सहकाऱ्यांनी अशी अनेक संयुगे उजेडात आणली. प्रयोगशाळेत त्यांपैकी काहींचे बुरशीरोधक व स्नायू शिथिल करणारे परिणाम दिसले आहेत.

‘रॅड्युला’ प्रजातीतील पेरोटेटिनीन याला मात्र गुणापेक्षा जास्त प्रसिद्धी मिळाली, कारण त्याची रचना गांजातील टेट्राहायड्रोकॅनाबिनॉलशी मिळतीजुळती आहे. बर्न आणि झुरिक येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून ते मेंदूपर्यंत पोहोचते व तेथील कॅनाबिनॉइड ग्राहींवर काम करते, पण गांजातील द्रव्यापेक्षा सौम्यपणे, असे दाखवले.

यकृतकांपासून उत्क्रांतीत दूर असलेल्या वनस्पतींतही हा सांगाडा आहे. ‘डेंड्रोबियम’ ऑर्किडांत मॉस्कॅटिलिन व जायगँटॉल मिळतात. चिनी गराडूच्या वेलीवर लागणाऱ्या हवाई कंदांत बटाटासिने असतात. यांपैकी बटाटासिन-३ बायबेन्झिल आहे, बटाटासिन-१ मात्र फेनॅन्थ्रीन वर्गातले. या कंदांच्या सुप्ततेशी त्यांचा संबंध जोडला गेला आहे. कोकणातल्या करांद्यालाही असेच हवाई कंद लागतात. दक्षिण आफ्रिकेतील ‘कॉम्ब्रेटम कॅफ्रम’ या झाडातून मिळालेले कॉम्ब्रेटास्टॅटिन हेही बायबेन्झिलच. कर्करोगावरील संशोधनात अधिक गाजलेल्या त्याच्या ए-४ या भावंडात मात्र दुव्यावर दुहेरी बंध आहे.