टेम्पोला बॅज लागतो का?

आपल्या टेम्पो स्टँडवरचा हा वाद काही मिटत नाही. छोटा हत्ती चालवायला बॅज लागतो का हो? एक म्हणतो लागतो, दुसरा म्हणतो सरकारनं काढून टाकला. (बॅज म्हणजे बोलीत लायसन्सवरची ट्रान्सपोर्टची नोंद. रिक्षावाल्यांच्या छातीवरचा बिल्ला वेगळा.)

घोळाचं मूळ 1988 च्या मोटार वाहन कायद्यात आहे. हलक्या वाहनाच्या, म्हणजे एलएमव्हीच्या व्याख्येत मालासकट ठरावीक वजनापर्यंतची मालवाहू गाडीही बसत होती. त्यावरच्या मध्यम आणि जड गाड्यांचे चार वेगळे वर्ग होते. 1994 साली ते चारही पुसून ‘ट्रान्सपोर्ट व्हेईकल’ असा एकच वर्ग केला. एलएमव्हीच्या व्याख्येतून मालवाहू गाडी मात्र कुणी काढली नाही. झालं! पिवळ्या पाटीचा छोटा टेम्पो दोन्हीकडे बसायला लागला.

आरटीओत हा प्रश्न एका जादा नोंदीचा. खरी झळ बसायची ती अपघातानंतर. क्लेम दाखल झाला की विमा कंपनी आधी ड्रायव्हरचं लायसन्स बघणार. ट्रान्सपोर्टची नोंद नाही? मग आमची जबाबदारी नाही! कित्येकदा कोर्ट सांगायचं, कंपनीनं आधी वारसांना पैसे द्यावेत, मग गाडीमालकाकडून वसूल करावेत. आता हा मालक म्हणजे कोण? आपल्याकडे तरी बहुतेक वेळा कर्जावर एकच गाडी घेतलेला माणूस. विम्याचा हप्ता वेळेवर भरूनही लाखोंचा बोजा त्याच्याच डोक्यावर.

2017 मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, एलएमव्ही लायसन्सवर 7500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालते, वेगळी नोंद नको. 2018 मध्ये केंद्रानं राज्यांना तसं कळवलंही. पण विमा कंपन्या थोड्याच गप्प बसणार? प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेलं. 6 नोव्हेंबर 2024 ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं एकमतानं तोच अर्थ कायम केला. अशा ड्रायव्हरांमुळे अपघात वाढले, याची आकडेवारी समोर आलीच नाही, हेही कोर्टानं नोंदवलं.

तेव्हा आरसी काढा आणि ग्रॉस वजन बघा. 7500 किलोच्या आत असेल तर साधं एलएमव्ही पुरे. त्यावरचा ट्रक किंवा बस असेल तर ट्रान्सपोर्टची नोंद हवीच. ई-रिक्षा आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांचे नियम वेगळे आहेत. आणि लायसन्सची मुदतच संपलेली असेल, तर हा निकाल कामाला येणार नाही.