खे सानचे कान

एकट्या साक्षीदारावर न्यायाधीश सहजासहजी विसंबत नाही. १९६८ च्या जानेवारीअखेर दक्षिण व्हिएतनाममधील खे सान या वेढलेल्या अमेरिकन ठाण्याभोवती ३१६ यंत्रे ४४ माळांत टाकलेली होती, ती याच हिशेबाने. काही जमिनीचा कंप टिपीत, काही आवाज. नुसता कंप तोफगोळ्याचाही असेल. पण तो एका यंत्राकडून पुढच्याकडे सरकला, तर माणसे चालली आहेत, आणि किती वेगाने, हे कळे. बोलणे ऐकू आले की खात्री पटे. यंत्रांपेक्षा ही जोडणीच आम्हांस मोलाची वाटते. ४ फेब्रुवारीच्या रात्री एवढ्यावरच तोफा डागल्या. ८८१ दक्षिण टेकडीवर अपेक्षिलेला हल्ला आलाच नाही. मात्र त्याच पहाटे ८६१-अ टेकडीवर उत्तर व्हिएतनामी सैनिक तारांचे कुंपण फोडून आत शिरले.