नवसागराची जन्मकथा

तांब्याच्या भांड्याला कल्हई करताना कारागीर तापल्या भांड्यात चिमूटभर पांढरी पूड टाकतो. पांढरा धूर उठतो, तांब्यावरचा काळा थर निघून जातो आणि कथील नीट बसते. ती पूड म्हणजे नवसागर. नावात सागर असला तरी समुद्राशी तिचे नाते नाही. हा शब्द फारसी 'नौशादर'चा सोयरा, आणि वस्तू धुमसत्या डोंगरांची.

ज्वालामुखीच्या फटींतून वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू बाहेर पडतात. काही ठिकाणी अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफही असते. थंड हवेत या दोघांचा संयोग होऊन नवसागराचे पांढरे पापुद्रे जमतात. इटलीतील व्हेसुव्हियस आणि एटना येथे ते सापडले आहेत.

इराणी हकीम अबू बक्र अल-राझी (निधन इ. स. 925 च्या सुमारास) याने पदार्थांचे वर्ग पाडले. तापवताच उडून जाणाऱ्यांना त्याने 'रूह' म्हटले. पारा, गंधक आणि हरताळासारख्या खनिजांबरोबर नौशादरही त्यांत आहे.

तो येई कुठून? दहाव्या शतकातील भूगोलकार इब्न हौकल समरकंदच्या पूर्वेकडील बुत्तम पर्वताचे वर्णन करतो. तिथे एका विवरातून दिवसा धूर आणि रात्री आग दिसे. लोकांनी त्यावर घर बांधून दारे-खिडक्या बंद केल्या. वाफ आत गोठली की अंगाला ओले नमदे गुंडाळून माणूस झपाट्याने आत शिरे, हाती लागेल तेवढे घेई आणि पळत सुटे. वाफ जागा बदली, की लोक नव्या जागी खणत.

एकोणिसाव्या शतकात हम्बोल्टसारख्या थोर शास्त्रज्ञाने मध्य आशियातील अशा वृत्तांतांवरून तिथे ज्वालामुखी असल्याचे मानले. पुढे कळले, की तिथे जमिनीखाली दगडी कोळशाचे थर जळत होते. बुत्तमच्या परिसरात, आजच्या ताजिकिस्तानात, अशी आग आहे.

हम्बोल्टचा तर्क चुकला, इब्न हौकलचे वर्णन मात्र टिकले. त्याने ज्वालामुखीचे नाव घेतले नव्हते. वाफ कशी गोठते आणि माणूस ती कशी काढतो, एवढेच त्याने नोंदवले. राझीचे नाव इतिहासात राहिले. ओल्या नमद्यात जीव मुठीत धरून आत शिरणाऱ्यांचे एकही नाव राहिले नाही. आज नवसागर कारखान्यात तयार होतो. कल्हईच्या धुरात ती जुनी मेहनत आठवावी, इतके ऋण आपल्यावर नक्कीच आहे.