एकाची किंमत

मंडळी, पाच वह्या साठ रुपयांना, तर आठ वह्या केवढ्याला? एका वहीचे बारा, म्हणून आठांचे शहाण्णव. ही एकमान पद्धत आपण सगळेच शिकलो. पण तिच्यामागे दीड हजार वर्षांचा इतिहास आहे, हे वर्गात सांगायला वेळच नसतो. म्हणून आज इथे लिहिते.

जुन्या रीतीचं नाव त्रैराशिक. आर्यभटाने ती ४९९ मध्ये दिली, ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) तर बहुतेक सगळं अंकगणित त्रैराशिकाने व्यापलेलं आहे, असंच म्हटलंय. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, तो लेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे.

रीत सोपी. प्रमाण, फल, इच्छा ओळीने मांडायचे: ५, ६०, ८. मधल्याला शेवटच्याने गुणायचं, पहिल्याने भागायचं. पेशावरजवळ १८८१ मध्ये सापडलेल्या बखशाली हस्तलिखितात असे आकडे भूर्जपत्रावर चौकटींत मांडलेले दिसतात.

गंमत अशी की यात एका वहीची किंमत कुठेच येत नाही! आधी गुणाकार, मग भागाकार, त्यामुळे अधेमधे अपूर्णांकांची कटकट नाही. व्यापाऱ्याला हे सोयीचं, पण मुलाला उत्तर मिळतं आणि अर्थ हाती लागत नाही.

आपल्याकडे दुकानदार तर त्याहून पुढे. मण चाळीस शेरांचा, रुपया सोळा आण्यांचा. चाळिसाला सोळाने भागलं की अडीच. म्हणून मणाला जितके रुपये, तितके आणे अडीच शेरांना. गूळ १२ रुपये मण, तर अडीच शेर १२ आण्यांना. पावकी, निमकी, अडीचकी उगाच घोकून घेत नसत! १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आले, आणि त्या पाढ्यांचं कामच संपलं. मला त्याची हळहळ नाही. दहाच्या पटीत 'एक' शोधणं सोपं झालं.

तो 'एक' डोळ्यांना दिसावा म्हणून मी फळ्यावर लांब पट्टी काढायची. वरच्या कडेला वह्या, खालच्या कडेला रुपये. पाचाच्या खाली साठ. मग पट्टीचे पाच समान भाग. एका भागात बारा लिहिले की मुलं आपणच तीन भाग पुढे जोडायची. पण चार मजुरांना सहा दिवस, तर आठ मजुरांना किती, असं विचारलं की वर्ग एका सुरात 'बारा' म्हणायचा. तिथे पट्टी चालत नाही. तिथे चौकटी काढायच्या: चार ओळी, प्रत्येकीत सहा. एक चौकट म्हणजे एका मजुराचं एका दिवसाचं काम. एकूण चोवीस. त्याच चोवीस आठ ओळींत बसवा, प्रत्येकीत तीनच उरतात. लीलावतीतलं व्यस्त त्रैराशिक ते हेच. चित्र पाहिलेलं मूल पुन्हा 'बारा' म्हणताना थबकतं, आणि ते थबकणं मला बरोबर उत्तराहून मोलाचं वाटतं.

आता हिशेब मोबाईल करतो. पण २०० ग्रॅमचा पुडा ५० रुपयांना आणि ५०० ग्रॅमचा १३० ला असेल, तर मोठा पुडा स्वस्तच असणार असं समजणारे कितीतरी जण असतात. १०० ग्रॅमला पंचवीस की सव्वीस, हा प्रश्न आपल्यालाच सुचावा लागतो.

असो. घरात नातवंडं असतील तर एकदा कागदाची पट्टी दुमडून बघा. आणि अडीचकी कुणाला येत असेल, तर जरूर कळवा!