तळ्याकाठची राजधानी : कॅनबेरातला एक फेरफटका



ऑस्ट्रेलियात मुलाकडे किंवा लेकीकडे तीन महिने राहून आलेले बरेच जण आज ऐकत असतील. त्यांचा कॅनबेराचा अनुभव साधारण सारखाच असतो. सिडनीहून सकाळी निघायचं, तीन-साडेतीन तासांत पोचायचं, संसद बघायची, मग तळ्यावर यायचं. तळ्यात उंच उडणारं कारंजं, काळे हंस, बोटीतून एक फेरी, फोटो. तळ्याचं नाव लेक बर्ली ग्रिफिन. माहिती देणारा सांगतो की हे तळं कृत्रिम आहे, १९६४ साली झालं. आपण ‘अरे वा’ म्हणतो आणि गाडीत बसतो.

आजचं व्याख्यान या ‘कृत्रिम’ शब्दाबद्दल आहे. कृत्रिम म्हणजे कुणीतरी ठरवून केलेलं. मग कुणी ठरवलं, कुणी अडवलं, आणि पाणी भरलं तेव्हा त्याखाली काय गेलं?

आधी आपल्याकडचं बघू. आपल्याकडे माणसानं केलेली तळी पुष्कळ. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचा तलाव बांधला तो पुण्याला पाणी मिळावं म्हणून. पवईचा तलाव इंग्रजांनी मुंबईच्या पाण्यासाठी केला. तलाव म्हणजे तहान, शेती, जनावरं. शोभा नंतर येते. कॅनबेराच्या तळ्याचं पाणी मात्र कुणी पीत नाही, पिण्यासाठी ते केलेलंच नाही. शहराच्या नळाला पाणी मिळावं म्हणून कॉटर नदीवर वेगळं धरण बांधलं, आणि ते तळ्याच्या कितीतरी आधी झालं. म्हणजे ११ किलोमीटर लांबीचं, साडेसहा चौरस किलोमीटरहून मोठं हे तळं निव्वळ दिसण्यासाठी आहे. एका नव्या देशाला आपली राजधानी देखणी हवी होती, म्हणून नदी अडवली. हे ऐकायला चैनीचं वाटतं, आणि तिथल्या लोकांनाही ते पन्नास वर्षं तसंच वाटत होतं.

१९०१ मध्ये सहा वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलिया हा एक देश झाला. राजधानी कुठे? सिडनी म्हणे आमच्याकडे, मेलबर्न म्हणे आमच्याकडे. राज्यघटनेत तडजोड घातली की राजधानी न्यू साउथ वेल्स प्रांतात असेल, पण सिडनीपासून किमान १०० मैल लांब, आणि तोवर संसद मेलबर्नला भरेल. दोघांनाही सारखंच नाराज करणारी तडजोड! १९०८ मध्ये यास-कॅनबेरा हा भाग ठरला. सर्वेक्षक चार्ल्स स्क्रिव्हनर यांनी नेमकी जागा सुचवली. डोंगरांनी वेढलेलं खोरं, मधून वाहणारी मोलाँग्लो नदी. ही नदी अडवली तर शोभेचा जलाशय करता येईल, हेही त्यांनी तेव्हाच, १९०९ मध्ये, नोंदवलं. म्हणजे तळ्याची मूळ कल्पना ग्रिफिनची नव्हे, एका सर्वेक्षकाची. धरणाला आज स्क्रिव्हनर यांचं नाव आहे, पण पर्यटक तिकडे क्वचित जातात.

मग १९११ मध्ये जागतिक स्पर्धा जाहीर झाली. अंतिम निर्णय मंत्र्यांच्या हाती, म्हणून ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेनं बहिष्कार घातला. तरी १३७ आराखडे आले. मे १९१२ मध्ये पहिला क्रमांक लागला शिकागोच्या वॉल्टर बर्ली ग्रिफिनचा, तोही दोन विरुद्ध एक अशा मतांनी. तिसऱ्या परीक्षकाला वेगळाच आराखडा हवा होता.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण नावावर एकच माणूस दिसतो. वॉल्टरची बायको मॅरियन माहोनी ग्रिफिन ही स्वतः वास्तुविशारद. एम.आय.टी.मधून वास्तुशास्त्राची पदवी घेणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक, १८९४ ची. पुढे फ्रँक लॉइड राइट यांच्या कार्यालयात वॉल्टरही होता आणि तीही. त्या स्पर्धेची चित्रं तिनं काढली. कापडावर रंगवलेली लांबच लांब चित्रं, खोरं, डोंगर आणि मधे पाणी. परीक्षकांसमोर होती ती ही चित्रं. दोघांनीही जागा पाहिलेली नव्हती. नकाशे आणि देखाव्यांच्या प्रती यांवरून त्यांनी ते खोरं ओळखलं. आराखड्याची कल्पना किती त्याची, किती तिची, यावर अभ्यासकांचा खल अजून चालू आहे. माझं मत विचाराल तर हा प्रश्नच थोडा फसवा आहे. एका टेबलावर बसून काम करणाऱ्या दोन माणसांचं काम असं मोजून वाटता येत नाही. पण नाव मात्र एकाचंच लागलं, ही वस्तुस्थिती.

आराखडा काय होता? माउंट एन्सली या टेकडीपासून सरळ रेषा काढायची, ती पाणी ओलांडून संसदेच्या टेकडीकडे जाईल. तिला काटकोनात दुसरी रेषा, ब्लॅक माउंटनपासून निघणारी, पाण्याची. म्हणजे तळं हे शहराच्या कडेला ठेवलेलं शोभेचं भांडं नव्हतं, शहराचा कणाच तो होता.

आणि मग जे होतं तेच झालं. सरकारी खात्याच्या मंडळानं विजेता आराखडा बाजूला ठेवून स्वतःचा एक तयार केला. ओरड झाली, सरकार बदललं, १९१३ मध्ये ग्रिफिनना बोलावून नेमणूक दिली. पुढची सात वर्षं माणूस खात्याशी भांडत राहिला. कागद मिळत नाहीत, नकाशे दाखवत नाहीत, पैसे सुटत नाहीत. आपल्याकडे कुठल्याही कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. महायुद्ध चालू होतं, पैसाही नव्हता. १९१६-१७ मध्ये चौकशी आयोग बसला, त्यानं बरंचसं ग्रिफिनच्या बाजूनं म्हटलं. तरी १९२० मध्ये त्यांना बाहेर पडावं लागलं. तळ्याचा एक थेंब तेव्हा नव्हता.

१९२७ मध्ये संसद मेलबर्नहून कॅनबेराला आली. तळ्याच्या जागी काय होतं? गोल्फचं मैदान, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, चरणारी गुरं. आणि मोलाँग्लोला पूर आला की शहराचे दोन तुकडे व्हायचे, लाकडी पूल वाहून जायचे. उत्तरेची मंडळी उत्तरेला, दक्षिणेची दक्षिणेला. नकाशावर तळं, जमिनीवर चिखल, असं कित्येक वर्षं चाललं.

पुढचा मुख्य माणूस म्हणजे पंतप्रधान रॉबर्ट मेन्झी. सुरुवातीला त्यांनाही कॅनबेराचं फार प्रेम नव्हतं, पण दुसऱ्यांदा पंतप्रधान झाल्यावर या शहराचं घोंगडं भिजत पडलंय हे त्यांना बोचू लागलं. १९५५ मध्ये सेनेटच्या समितीनं कडक अहवाल दिला. १९५७ मध्ये इंग्लंडहून नगररचनाकार विल्यम होल्फर्ड यांना बोलावलं. १९५८ मध्ये राजधानीच्या विकासासाठी स्वतंत्र आयोग काम करू लागला. मेन्झींनी पुढे सांगितलेली गोष्ट अशी की ते परदेशी असताना अर्थखात्यानं तळ्यासाठीचे दहा लाख पौंड अंदाजपत्रकातून कापून टाकले. परत आल्यावर त्यांनी बैठकीत तो विषय काढला आणि रक्कम पुन्हा घालायला लावली. पंतप्रधानाच्या हट्टावर एवढं अवलंबून असणं हे चांगलं की वाईट, ते तुम्ही ठरवा. तळं झालं ते त्यामुळे.

१९६० मध्ये खोदाई सुरू झाली. २० सप्टेंबर १९६३ ला धरणाच्या झडपा बंद केल्या. आणि पाऊसच नाही! दुष्काळ पडला. महिनोन्‌महिने डबकी, चिखल, डास. टीकाकारांना आयतंच कोलीत मिळालं. मग पाऊस आला, आणि २९ एप्रिल १९६४ ला तळं ठरलेल्या पातळीपर्यंत भरलं. १७ ऑक्टोबरला उद्घाटन झालं. मंत्र्यांनी ‘लेक मेन्झी’ असं नाव सुचवलं होतं, पण मेन्झींनी ते नाकारून ग्रिफिनचं नाव द्यायला लावलं. आपल्याकडे पुलांना, उद्यानांना नावं कशी पडतात हे आठवलं की या नकाराचं मोल कळतं. त्यातही एक चूक राहिली. बर्ली हे मधलं नाव, आडनाव नुसतं ग्रिफिन. पण आता ते रूढ झालं.

चला, आता प्रत्यक्ष फिरू. मधला भाग दोन पुलांमधला आहे, किंग्ज अॅव्हेन्यू आणि कॉमनवेल्थ अॅव्हेन्यू. पुलावरून पुलापर्यंतची ही प्रदक्षिणा साधारण पाच किलोमीटरची, रमतगमत दीड तास.

कारंजं सगळे बघतात. १९७० मध्ये कॅप्टन कुक यांच्या आगमनाला दोनशे वर्षं झाली म्हणून ते बसवलं. पाणी जवळपास १५० मीटर उंच जातं. वारा जोराचा असला की बंद ठेवतात, नाहीतर पुलावरच्या गाड्यांना आंघोळ. कुक या खोऱ्यात कधी आले नव्हते, ते समुद्रकिनाऱ्यानं गेले. उत्तर काठावर चालत राहिलात तर एक दगडी झोपडीवजा घर दिसेल, ब्लंडेल्स कॉटेज. १८६० च्या सुमाराचं. कॅम्पबेल कुटुंबाच्या मोठ्या जमीनदारीतल्या नांगऱ्यासाठी बांधलेलं. पुढे ब्लंडेल कुटुंब तिथे पन्नासहून जास्त वर्षं राहिलं. तेव्हा त्याच्यासमोर नदीकाठची सपाट शेतजमीन होती, आज पाणी जवळजवळ अंगणापर्यंत आलं आहे. तळ्याआधी इथे काय होतं ते कळायला हे एक घर पुरतं.

आणि त्याच्याही आधी? न्गुन्नावल आणि न्गाम्ब्री लोक. जवळच्या डोंगरात माणसाच्या वस्तीच्या वीस हजार वर्षांपूर्वीच्या खुणा सापडल्या आहेत. स्पर्धकांना दिलेल्या नकाशांत उंचसखलपणाच्या रेषा होत्या, नदी होती, ही माणसं नव्हती. ग्रिफिनच्या त्या सरळ रेषेवर, तळ्याच्या दक्षिण काठापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, जुन्या संसदेसमोरच्या हिरवळीवर २६ जानेवारी १९७२ ला चार आदिवासी तरुणांनी समुद्रकाठी लावतात तसली छत्री रोवली आणि तिला ‘वकिलात’ म्हटलं. म्हणजे आमच्याच देशात आम्ही परके. पोलिसांनी तंबू उखडले, ते पुन्हा उभे राहिले. आजही ती वकिलात तिथे आहे. राजधानीच्या आराखड्यात नसलेली ही एकच जागा असेल, जी मधल्या रेषेवर इतकी ठाण मांडून बसली आहे. फिरायला जाल तर ती चुकवू नका.

पश्चिमेकडे अॅक्टन द्वीपकल्पावर राष्ट्रीय संग्रहालय आहे, २००१ चं. त्या जागी आधी शहराचं मोठं इस्पितळ होतं. ते पाडायचं ठरलं तेव्हा स्फोटानं पाडणं हा जाहीर कार्यक्रम करण्यात आला. १३ जुलै १९९७ ला सुमारे एक लाख माणसं तळ्याच्या काठांवर जमली, मुलाबाळांसकट. इमारत नीट खाली बसली नाही. लोखंडाचे आणि दगडविटांचे तुकडे पाण्यावरून पलीकडच्या गर्दीत गेले. त्यात बारा वर्षांची एक मुलगी जागीच गेली. काठावर तिचं छोटं स्मारक आहे. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत ते नसतं. पण ‘प्रेक्षणीय’ या शब्दाला किती धार असू शकते, ते तिथे उभं राहिलं की कळतं.

पाण्याबद्दल दोन शब्द. वरच्या बाजूला कॅप्टन्स फ्लॅट इथे धातूंची खाण होती. १९३९ आणि १९४२ मध्ये धातू काढून उरलेल्या चोथ्याचे बांध फुटले आणि तो विषारी गाळ मोलाँग्लोत आला. उन्हाळ्यात आजही तळ्यात निळं-हिरवं शेवाळ माजतं आणि पोहायला बंदी होते. आपल्याकडच्या जलपर्णीची ती चुलत बहीण म्हणा. आणि तळ्याचा वाद संपला असं समजू नका. पश्चिमेच्या बाजूला अलीकडच्या वर्षांत काठाला भर घालून नवा विकास करायचं काम निघालं, त्यावरून पुन्हा तेच, पाणी कुणाचं, काठ कुणाचा.

आता ग्रिफिनचं काय झालं? हा भाग आपल्या जवळचा आहे. १९३५ मध्ये ते भारतात आले, लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आराखडा करायला. तिथे त्यांना हुरूप आला. ‘पायोनियर’ वृत्तपत्राच्या छापखान्याची इमारत, औद्योगिक आणि शेती प्रदर्शनाचे मंडप, एकामागून एक कामं. मॅरियनही येऊन मिळाली. आणि ११ फेब्रुवारी १९३७ ला, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर, साठाव्या वर्षी ते लखनौमध्येच गेले. तिथल्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना पुरलं. कबरीवर नाव नव्हतं. ते लागलं १९८८ मध्ये, म्हणजे त्यांच्या नावाचं तळं भरून चोवीस वर्षं झाल्यावर.

मॅरियननं लखनौची उरलेली कामं आवरली आणि नंतर ती शिकागोला परतली. दोघांच्या आयुष्याची हकिगत तिनं मोठ्या हस्तलिखितात लिहून ठेवली, ती तिच्या हयातीत छापली गेली नाही. १९६१ मध्ये ती वारली, तेव्हा कॅनबेरात खोदाई चालू होती. २०१३ मध्ये माउंट एन्सलीवरच्या देखाव्याच्या ठिकाणाला तिचं नाव देण्यात आलं. तिच्या गाजलेल्या चित्रांपैकी एक याच टेकडीवरून दिसणाऱ्या शहराचं आहे, न पाहिलेल्या जागेचं. मूळ चित्रं कॅनबेराच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जाणार असाल तर एक प्रत बरोबर ठेवा, संध्याकाळी टेकडीवर चढा, आणि चित्रातलं पाणी कुठे आहे, खालचं कुठे आहे ते बोटानं जुळवून बघा.